बटणांचा डबा

“आज संध्याकाळी सुरू होणार म्हणजे होणारच,” गाडीखालून ग्रंथपालांचा आवाज आला. पाठोपाठ त्यांचे पाय आले, मग पोट आणि सगळ्यात शेवटी चष्मा. चष्मा ते फक्त झोपताना काढत. तरी त्याची डबी दिवसभर शर्टाच्या खिशात असे.

ग्रंथपाल आता निवृत्त होते. सबंध नोकरीत त्यांनी वाचनालयाचं एकही पुस्तक हरवू दिलं नव्हतं. निवृत्तीनंतर भंगारात निघालेली ही गोल दिव्यांची जुनी गाडी त्यांनी घरी आणली, स्क्रूपर्यंत सगळी सुटी केली आणि एकेक तुकडा चिठ्ठी लावून फळीवर मांडला. पण गाडीला वाचनालयाची शिस्त मानवेना. काम संपत आलं की काहीतरी गायब व्हायचं. एकदा कार्ब्युरेटरचा जेट. मग पंख्याचा पट्टा. मग ब्रेकची स्प्रिंग. मग पेट्रोलच्या नळीची क्लिप. बदली तुकडा शोधण्यात महिनेच्या महिने जात. दुसऱ्या कुणी डोकं आपटून घेतलं असतं. ग्रंथपाल म्हणत, जुनी गाडी आहे, तिच्या कलानं घ्यायला हवं. आणि चहा मागत.

त्यांच्या पत्नीला गल्लीत ग्रंथपालीणबाई म्हणत, जरी त्यांनी आयुष्यात कुणाकडे पुस्तक परत मागितलं नव्हतं. दुपारी त्या गॅरेजमध्येच स्टुलावर बसून शिवण करत, मांडीवर बटणांचा डबा. दहा नंबरचा पाना मागितला की दहा नंबरचाच हातात येई. काही हरवलं की त्या म्हणत, “हताश होऊ नका हो, मिळेल.” अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं शेजारचे पुरुष आपापल्या बायकांना ऐकवत आणि त्याचे परिणाम भोगत.

गाडीवर बरंच काही अवलंबून होतं. मुलगा दूरच्या शहरात राही आणि दोघांनी आता कायमचं आपल्याकडे यावं म्हणून हट्ट धरून बसला होता. ग्रंथपालांनी त्याला शब्द दिला होता: गाडी सुरू झाली की त्याच गाडीत बसून येऊ, त्याआधी नाही. मुलाचा धंदाच लोकांची उमेद टिकवण्याचा. कंपन्या त्याला त्यासाठी खास बोलावून घेत. वडिलांना ती सोय दर रविवारी फोनवर घरबसल्या मिळे. मोठं काम लहान तुकड्यांत वाटा, असं तो सांगे. ग्रंथपाल फळीकडे बघून म्हणत, वाटलंय.

मागे एकदा दोघं त्याच्याकडे महिनाभर राहून आली होती. सून लाखात एक. सासूला तिने इकडची काडी तिकडे करू दिली नाही. “आई, तुम्ही बसा,” म्हणायची. बाई बसल्या. बसून बसून पाय सुजले. सासऱ्यांचीही बडदास्त उत्तम होती. घरात पुस्तक एकच होतं, पण ते टीव्ही डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली सरकवलेलं.

परत आल्यावर बाई भेटेल त्याला सांगू लागल्या, नातवात जीव अडकलाय, कधी एकदा जाते असं झालंय. ग्रंथपाल ते ऐकत, मान डोलवत आणि गॅरेजची वाट धरत. त्याच सुमारास त्यांनी गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवून घेतली. चांगली जाडजूड, जन्मभर टिकेल अशी. निघून जाणाऱ्यांना टाकी कशाला, असं बाईंनी विचारलं. भाडेकरूंना लागेल ना, ते म्हणाले.

या वेळी मुलगा स्वतःच रजा टाकून आला होता. घर भाड्याने घेऊ पाहणारं जोडपं उद्या सकाळी यायचं होतं. बाहेरच्या खोलीत रिकामी खोकी छतापर्यंत रचली होती. आता एकच तुकडा उरला होता: रोटर. दिसायला अंगठ्याएवढा, पण तो नसला की इंजिन नुसतं घरघरतं, पेटत नाही. ग्रंथपालांनी तो मुलाच्या डोळ्यांदेखत बसवला आणि वर झाकण लावलं.

“मारू किल्ली?” मुलाने विचारलं.

“उपाशीपोटी मोठं काम करू नये. तू हात धुऊन घे, मी हत्यारं आवरून आलोच.”

“बाबा, तुमच्या चिकाटीची गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो.”

“सांग,” ग्रंथपाल म्हणाले. “फक्त नाव घेऊ नकोस.”

जेवणं झाली. मुलगा खोक्यांच्या आडोशाला लवंडला आणि घोरू लागला. ग्रंथपाल आरामखुर्चीत डोळे मिटून पडले. बाई बटणांचा डबा घेऊन गॅरेजमध्ये गेल्या.

डब्याच्या तळाशी, कोटाच्या मोठ्या बटणांखाली, कार्ब्युरेटरचा जेट होता. शेजारी ब्रेकची स्प्रिंग. बस, दोनच. बाईंना त्याची लाज वाटत नव्हती असं नाही. पण ज्या माणसाने मुलाकडे जायचं म्हणून इतकी वर्षं पाठ मोडून घेतली, त्याला ‘मला नाही यायचं’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा स्प्रिंग सोपी.

त्यांनी बॉनेट उचललं. पाने देता देता एवढं त्या शिकल्या होत्या. झाकणाचे दोन्ही चाप सोडवले आणि झाकण वर केलं.

रोटर नव्हता.

त्यांनी इंजिनाच्या आजूबाजूला पाहिलं. खाली वाकून फरशी पाहिली. फळीवर रोटरची चिठ्ठी होती, तिथेही पाहिलं. मग झाकण होतं तसं बसवलं, बॉनेट आवाज न करता टेकवलं आणि त्या घरात आल्या.

ग्रंथपाल तसेच पडून होते. श्वास संथ, चेहरा निवांत. बाईंनी वाकून त्यांच्या खिशातली चष्म्याची डबी अलगद काढली आणि कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खडखडलं.

चष्मा त्यांच्या नाकावर होता.