नकुशीचं इंग्रजी

"‘विल’ नको गं तिथं," रंभा वैतागून म्हणाली. "‘आय विल गो’ म्हंजी आत्ता बोलताबोलता मनात आलं. उद्या मोडलं तरी चालतंय. मनाशी आधीच ठरवलं असंल तर ‘आय ॲम गोइंग टू गो’. आन् चार माणसांत बोलून दिस पक्का झाला, की मग नुसतं ‘आय ॲम गोइंग’. कळलं?"

"व्हय," नकुशी म्हणाली आणि चिंच चोखत राहिली.

पालथ्या घड्यावर पाणी. महिनाभर रंभा रोज दुपारी इनामगावच्या घराच्या ओसरीवर धाकट्या बहिणीपुढं इंग्रजी भविष्यकाळ दळत होती, आणि पीठ काही पडत नव्हतं. दौंडहून स्थळ येणार होतं. मुलगा रेल्वेत होता. तिथल्या कॉलनीत साहेबांच्या बायका इंग्रजीत बोलतात, तेव्हा मुलीला चार वाक्यं यायला हवीत, असा निरोप आला होता. लग्न करायचं नकुशीनं आणि घाम गाळायचा रंभानं.

पण रंभाची तक्रार नव्हती. बाप शब्द देऊन बसला होता. "हिला बोलती कर," कोंडिबा म्हणाला होता. "धाकटीचं जमलं की जूनमधी तुला शिरूरला मास्तरणीच्या कॉलेजात घालतो."

"थोरली घरात असताना धाकटीचं कसं, आबा?"

"तू शिकनार. तुझ्यापायी तिला कशाला थांबवू?"

हे ऐकून रंभाला भरून आलं होतं. मागच्या वर्षी भांडगावचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हा ती दिवसभर घोड नदीकाठच्या उसात जाऊन बसली होती. पाहुणे रिकाम्या पाटाकडं बघत पोहे खाऊन गेले. मास्तरीण झाल्याशिवाय पाटावर बसणार नाही, असं तिनं दवंडी पिटल्यासारखं साऱ्या घराला ऐकवलं होतं. कोंडिबानं तेव्हा कितीतरी दिवस अबोला धरला. तोच बाप आता असा बोलत होता. पोरीच्या जातीला आणखी काय हवं असतं?

रविवारी पाहुणे आले. मुलगा नव्हताच. त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणे. त्याचा थोरला भाऊ चांगदेव, मालगाडीचा गार्ड, चुलती रंगुबाईला आणि आपल्या लहान मुलीला घेऊन आला होता. पोरीची आई गेल्या साली वारली, हे रंगुबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आतच सांगून टाकलं.

सकाळीच आईनं, भागुबाईनं, ट्रंकेतली नवी हिरवी साडी काढून रंभाच्या अंगावर टाकली होती. "पाव्हण्यांम्होरं तू बी जरा नीट दिस. मास्तरीण न्हवं का तू?" नकुशीनं मात्र धुतलेलं रोजचंच पातळ नेसलं. भारी साडीत उकडतं म्हणे.

नकुशी पाटावर बसली. रंभा खांबाला टेकून उभी राहिली. हिचं इथं अडलं की आपलं शिरूर बुडालं.

"व्हॉट विल यू डू आफ्टर मॅरेज?" चांगदेवनं विचारलं.

नकुशीनं मान खाली घातली आणि नखानं पाटाची कड कोरत राहिली.

रंभाला राहवेना. "घाबरलीय ती. येतंय तिला समदं," म्हणत ती पुढं झाली, बहिणीशेजारी भुईवर बसली आणि पाहुण्यांसमोरच पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली. ‘विल’ कुठं, ‘गोइंग टू’ कुठं. चांगदेवची पोर सरकत सरकत तिच्या पदराशी आली आणि तिच्यामागं म्हणू लागली, "आय ॲम गोइंग." रंभानं तिला मांडीवर घेतलं, पुन्हा म्हणून घेतलं, गालगुच्चा घेतला. आईविना लेकरू ते. तिला खरोखरच माया आली.

"माझ्या पोरीला अशीच शिकवनारी पायजे," चांगदेव म्हणाला. मग रंभाकडं बघून, "आन् तुमचं म्होरं काय?"

रंभानं मान ताठ केली. "आय ॲम जॉइनिंग कॉलेज इन जून."

"बराबर," तो हसला. "ठरलेल्या गोष्टीला असंच म्हनत्यात."

कोंडिबा कोपऱ्यात सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला. त्यानं वर मात्र पाहिलं नाही.

रंगुबाईनं पुतण्याकडं पाहिलं. पुतण्यानं मान हलवली.

"पसंत हाय आमाला," ती म्हणाली. "ओटी भरूनच जाते. चांगल्या कामाला उशीर कशाला?"

रंभाचा जीव भांड्यात पडला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. तिनं नकुशीकडं पाहिलं, तर नकुशी रडत होती. आनंदानं रडत असेल वेडी. तिला जवळ घ्यावं म्हणून रंभा वळली, पण मांडीवरच्या पोरीनं तिच्या गळ्याला घट्ट मिठी घातली होती.

रंगुबाई नारळ, खण आणि तांदळाचं ताट घेऊन उठली. तशी नकुशी डोळे पुसत पाटावरून उठली आणि बाजूला झाली. भागुबाईनं तो रिकामा पाट उचलला आणि रंभापुढं आणून मांडला.