नदीवरून परतताना

"नटली गं आपली सटवी, उचला आता!" शेजारची रोझविता ओरडली. मुलींनी मारझान्ना, हिवाळ्याची पेंढ्याची बाहुली, काठीवर उभी केली. अंगात पांढरा झगा, गळ्यात लाल मणी, एखाद्या नवरीसारखी. तिला गावभर मिरवायचं, नदीवर न्यायचं आणि पेटवून पाण्यात ढकलायचं. मग हिवाळा मेला आणि गावातलं मरणही त्याच्याबरोबर वाहून गेलं.

ब्रिगिदा फाटकाशी सासूची वाट बघत होती. ओतिलिया बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"आई, किती उशीर?"

"गुडघे ऐकत नाहीत गं."

दोघी मिरवणुकीच्या मागे चालू लागल्या. ब्रिगिदाचे डोळे सुजले होते. तिचा नवरा एवाल्ड उत्तरेला समुद्रावर मासेमारीच्या बोटीत कामाला होता. या सणाला नक्की येतो म्हणाला होता आणि काल फोनवर म्हणाला, आणखी एक फेरी आहे. ब्रिगिदाचा तोल गेला. "जा, बुडून मर त्या समुद्रात! परत तोंड दाखवू नकोस," असं किंचाळून तिने फोन आपटला. ओतिलिया तेव्हा चुलीशी सूप ढवळत होती. तिने शब्दन् शब्द ऐकला होता.

"कसं बोलून बसले मी त्याला," ब्रिगिदा आता म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बोट बंदराला लागली की आधी त्याची माफी मागते."

"मनाला लावून घेऊ नकोस."

"माणसाचा शब्द लागतो, आई."

"तुझ्या शब्दाने काही होत नाही, पोरी." ओतिलियाने तिचा दंड घट्ट धरला. "नीट ऐकून ठेव. तुझ्या शब्दाने काहीएक होत नाही."

नदीत अजून बर्फाचे तुकडे वाहत होते. मारझान्नाला काडी लावली. पेंढा भडकला, मणी तडतडले, आणि मुलींनी तिला पाण्यात ढकललं.

"पळा! मागे वळून बघू नका रे कुणी!"

हे तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. जो वळून बघेल, त्याच्या मागोमाग मरण घरी येतं आणि घरातलं एक माणूस नेतं. सगळे मान खाली घालून चढण चढू लागले.

अर्ध्या वाटेवर ओतिलिया थांबली. तिने सुनेचा दंड सोडला आणि पूर्ण मागे वळली. नदीकडे तोंड करून ती उभीच राहिली.

"अगं बाई! काकू, डोकं फिरलं का तुमचं?" रोझविताने तोंडावर हात ठेवला.

"बघितलं मी," ओतिलिया मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांच्या देखत बघितलं."

"आई, घरात आपण तिघंच आहोत!" ब्रिगिदाचा आवाज फाटला.

"माहीत आहे मला."

दोघी घरी परतल्या. संध्याकाळी दारात पोलीस आला. त्याने टोपी काढून हातात धरली. वादळात बोट उलटली, म्हणाला. एवाल्ड सापडला, पण जिवंत नाही.

ब्रिगिदा रडली नाही. ती सासूकडे वळली.

"तुम्ही खाल्लंत त्याला. पोटच्या पोराला खाल्लंत."

"हो," ओतिलिया म्हणाली. "मीच."

आवाज ऐकून रोझविता धावत आली होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ब्रिगिदाला मिठीत घेतलं.

"मला इथून घेऊन चल," ब्रिगिदा म्हणाली. "या बाईच्या छपराखाली मी आता पाण्याचा घोटही घेणार नाही. मेली तरी तिच्या मातीला येणार नाही."

दोघी गेल्या. ओतिलिया टेबलाची कड धरून उभी राहिली. पोलिसाचा पाय निघेना.

"आजी," तो हळूच म्हणाला, "मी सकाळी सांगायला आलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, सुनेला आत्ता नको, मिरवणूक होऊन जाऊ दे. मी थांबलो. पण का, ते मला अजून कळलं नाही."