चुकीचं बटण

इस्त्रीवाल्या बायकांना फोनवरच गिऱ्हाईकं मिळावीत, म्हणून मी त्यांना अ‍ॅप शिकवते. आठवड्यात बाकीच्या शिकून कामालाही लागल्या. एक काकू मात्र अजून लाल बटणावरच. ते दाबलं की फोनमधली बाई म्हणायची, "चुकलं तरी हरकत नाही. दमला असाल, तर जरा बसा."

शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो काकू, हिरवं दाबा, हिरवं! शंभरदा सांगितलं. आज नाही जमलं तर नाव कटेल तुमचं."

काकूंनी हिरवं दाबलं, एका दमात सगळी नोंदणी केली आणि फोन माझ्या हातात दिला.


"सगळं येतं हो मला, मॅडम. पण तीस वर्षं उभ्याने इस्त्री करतेय, 'जरा बसा' म्हणणारी ही पहिलीच भेटली."