उबेला ठेवलेला रोल

छोटूमामा दोन्ही काखांत एकेक फिल्मचा रोल दाबून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. डाव्या काखेत रंगीत, उजव्या काखेत कृष्णधवल. कुठला वापरायचा हे अजून ठरायचं होतं, आणि खाली गाडी येऊन उभी राहिली होती.

“अहो, अंडी उबवताय का?” मामी म्हणाल्या.

मामांनी उत्तर दिलं नाही. कोंबडीही देत नाही.

सोफ्यावर ताई बसली होती. मामांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे, ठेवणीतला स्वेटर, केस चापूनचोपून बसवलेले. तिचा मुलगा, म्हणजे मामांचा भाचा, तिला कायमचं आपल्याकडे न्यायला आला होता; तिकडची हॉस्पिटलं मोठी, डॉक्टर चांगले. “बरी झाले की येतेच,” असं ताई सकाळपासून सांगत होती, आणि “हो तर, हो तर” म्हणायची सगळ्यांना जरा जास्तच घाई होत होती. निघण्याआधी तिचं एकच मागणं होतं. छोट्यानं तिचा एक फोटो काढायचा. मोबाईलवर नाही. खरा, फिल्मवरचा.

आता, घरात फिल्म नव्हती असं नाही. घरात फिल्मच होती. कंपनीनं रोल बनवायचं बंद केलं तेव्हा मामांनी दुकानं पालथी घालून मिळेल तो रोल घरी आणला होता. फ्रिज दोन होते: मोठा फिल्मचा, लहान माणसांचा. पुड्यांवरच्या तारखा केव्हाच उलटून गेल्या होत्या. पण थंडीत तारीख पुढे सरकत नाही, असं मामांचं ठाम मत होतं. अडचण एवढीच की गारठलेला रोल लगेच उघडला तर फिल्मवर दव धरतं आणि फोटोत माणसाच्या तोंडावर डाग उमटतात. आदल्या संध्याकाळीच तो बाहेर काढून ठेवायला हवा होता. मामा काढायला गेलेही होते. दार उघडून उभे राहिले. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. सगळेच इतके चांगले होते, की वापरण्याजोगा एकही दिसेना. शेवटी दार लागलं आणि रोल आतच राहिले.

“मामा, मी मोबाईलवर काढतो ना,” भाचा घड्याळ बघत म्हणाला. “पन्नास काढतो, त्यातला हवा तो ठेवा.”

“पन्नास काढले की एकही कुणी बघत नाही.”

“तुम्ही मात्र न काढलेले रोज बघता,” मामी म्हणाल्या. “आणा, गॅसवर धरते जरा.”

“फिल्म आहे ती, पाव नाही!”

मामांनी काखेतला एक रोल काढून ओठांना लावून पाहिला. गार. परत काखेत. सोफ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून सोफ्यापर्यंत. पुन्हा ओठांना. गारच. म्हातारं अंग, त्यात ऊब ती किती असणार!

खाली हॉर्न वाजला. ताई उठली आणि मामांची वाट अडवून तिनं हात पुढे केला.

“आण इकडे.”

“काय?”

“रोल. तुझं अंग लहानपणापासून बर्फ. माझ्या अंगात महिनाभर ताप मुरलाय, मेला उतरतच नाही. कशाला तरी उपयोगी पडू दे.”

भाचा बॅगेच्या चेनशी उगाचच झटापट करू लागला.

मामांनी दोन्ही रोल पुढे केले. ताईनं न बघताच त्यातला एक उचलला, थर्मामीटर ठेवतात तसा स्वेटरच्या आत काखेत ठेवला आणि जिना उतरायला लागली. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मामा गळ्यात कॅमेरा अडकवून मागे. ती लवकर उतरावी असं त्यांना वाटत होतं, आणि उतरूच नये असंही.

गाडीत मागच्या सीटवर टेकल्यावर ताईनं रोल काढून खिडकीतून दिला. मामांनी ओठांना लावला. कोमट. चांगलाच कोमट. ते क्षणभर तसाच धरून राहिले, मग त्यांनी पुडा फाडला. रंगीत निघाला. रोल भरला, झाकण लावलं, फिल्म पुढे सरकवली. ताईनं हनुवटी किंचित वर केली.

मामांनी बटण दाबलं.

“झाला?”

“झाला.”

“धुवून पाठव हं लगेच.”

“रोल पुरा झाल्याशिवाय धूत नसतात.”

“मग काढ की पटापटा. आहेत ना त्यात अजून?”

“आहेत.” मामांनी लेन्सवर झाकण बसवलं. “आज एकच. बाकीचे तू आल्यावर.”

पुढच्या सीटवरून भाच्यानं मागे वळून पाहिलं आणि परत समोर पाहिलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

“म्हणजे तुझा रोल संपवायला मी एवढ्या लांबून परत यायचं?”

“मग काय फुकट घालवू? मिळत नाहीत आता.”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. “चिकट,” ती म्हणाली. “पहिल्यापासून चिकट.” आणि तिनं काच वर केली.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मागच्या काचेत दिसत होती. पाठ ताठ, मान सरळ, समोर कुणी कॅमेरा धरून उभं असावं तशी, जराही न हलता.