पट्टा हिरवा झाला

काजूच्या कारखान्यात शिरताना प्रत्येक बाईच्या पोटाला पट्टा लावत. बाळासाठी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असल्या की पट्टा हिरवा होई आणि तिला पोत्यांऐवजी बैठं काम मिळे.

दर्शनाच्या पोटातलं बाळ चार दिवसांपूर्वीच गेलं होतं. आज पोती उचलायची, असं धरूनच ती आली. पट्टा हिरवा झाला.

"काकी, हा बिघडलाय."

"नाही गो," देखरेखीवरच्या लीलाकाकी हळूच म्हणाल्या. "बाळ गेलेलं रक्तवाहिन्यांना लगेच कळत नाही. आवरायला त्यांना थोडे दिवस लागतात."

"मग खरं सांगू साहेबांना?"

"यंत्राहून शहाणी होऊ नको. बस."

दर्शना बसली. पोटावर हात ठेवून पुटपुटली, "इतक्यात आवरू नका गो बायांनो. मला उभं राहवत नाही."