शब्दाच्या शेवटचं टिंब

पडद्यावरच्या ‘रिजेक्ट’ या शब्दाच्या शेवटी एक टिंब होतं. द्वारकाने ते दिलेलं नव्हतं.

जालना एमआयडीसीतली ही बियाणे कंपनी मुंबईच्या मेनफ्रेमवर, म्हणजे तिथल्या एका मोठ्या संगणकावर, काम करायची. बियाण्यांचा लॉट पास की नापास हे ठरवणारा छोटा प्रोग्राम वेगळा ठेवलेला होता. मोठे प्रोग्राम चालता चालता त्याला हाक मारत आणि उत्तर घेत. तो एक बदलला की सगळ्यांची उत्तरं बदलत. म्हणूनच कंपनीच्या राधाकिसन साहेबांनी तो द्वारकाला बदलायला लावला होता. नव्यात सगळं पास; ‘रिजेक्ट’ हा शब्दच नव्हता.

जुना प्रोग्राम द्वारकाच्या आधी हे काम करणाऱ्या उषाबाईंनी लिहिलेला. टिंबाची सवय त्यांचीच. त्या संक्रांतीच्या सुमारास वारल्या.

उगवण पाहायला ओल्या गोणपाटावर ठेवलेली या लॉटची सरकी उगवली नव्हती, हे द्वारकाने पाहिलं होतं. बोलली मात्र नव्हती.

“म्याडम, गाड्या भरून उभ्या हायत. अंबडचे दुकानदार डोकं खाऊन राह्यले,” साहेब म्हणाले. “का काँप्युटरला बी उपास हाय आज?”

द्वारकाने जुना प्रोग्राम शोधला. तो नव्हता, तिनेच पुसला होता. मग तिने नवाही काढून टाकला. आता हाकेला ओ द्यायला कुणीच नव्हतं. काम अडायलाच हवं होतं. तिने तोच लॉट पुन्हा तपासायला दिला.

रिजेक्ट. टिंबासकट.

तिने कीबोर्डवरून हात उचलले. पुढच्या लॉटचा नंबर अजून दिलाच नव्हता.

आधीच्या ‘रिजेक्ट’खाली सावकाश, एकेक अक्षर करत, पुन्हा तोच शब्द उमटला. मग क्षणभर थांबून टिंब.

“साहेब,” द्वारका म्हणाली, “हे बियाणं उगवणार नाही. गाड्या रिकाम्या करा.”