रविवारचा पेशंट

“बाबा, तू पेशंट आहेस. पेशंट कार्डातल्या चुका काढत बसत नाही.”

“पहिल्या ओळीत हा माणूस बेचाळीस वर्षांचा आहे आणि चौथ्या ओळीत पंचेचाळीसचा. एवढ्यात तीन वर्षं गेली?” वडिलांनी लाल पेन्सिलीने आकड्याभोवती गोल काढला. खाली आणखी एक स्वल्पविराम घातला, तेव्हा कुठे त्यांचा जीव शांत झाला.

छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतर सवय जाईना, म्हणून औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ते पेन्सिल हातात घेऊनच वाचत.

मुलीने टेबलावरचं अर्धवट भरलेलं शब्दकोडं बाजूला सारलं आणि समोरची खुर्ची ओढली. मानसोपचाराच्या प्रशिक्षणाचं तिचं शेवटचं वर्ष होतं आणि प्रात्यक्षिकात ती नापास झाली होती. परीक्षेतला पेशंट बोलता बोलता थांबला. हिने त्याच्या हातात रुमाल दिला, सकाळी फिरायला जायचा सल्ला दिला, वर एका योगवर्गाचा पत्ताही दिला. मॅडमनी शेरा मारला : ‘शांतता सहन होत नाही. समोरच्याला रडू देत नाही.’ दीड महिन्याने फेरपरीक्षा होती. त्यातही दांडी उडाली, तर वर्ष गेलं आणि हॉस्पिटलमधली जागाही गेली.

मॅडमनी पेशंटची माहिती लिहिलेलं नमुन्याचं एक कार्ड देऊन सांगितलं होतं, “घरच्या कुणाला तरी पेशंटचं सोंग घ्यायला लाव. पण लक्षात ठेव, आपल्या माणसावर उपचार करायचे नाहीत. तो नियम म्हणजे नियम.”

आता घरात होते दोघंच. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्याबद्दल वडील एक अक्षर बोलत नसत. विचारलं की म्हणत, “मी ठीक आहे, तू अभ्यास कर.”

पहिल्या रविवारी वडील चाळीस वेळा कुलूप ओढून पाहणारा कारकून झाले. मुलीने पाच मिनिटांत तीन सल्ले दिले.

“डॉक्टरबाई, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त घाई आहे,” कारकून म्हणाला.

दुसऱ्या रविवारी तिने दुसरं कार्ड पुढे केलं. वडिलांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ पाहिलं, उलटवलं, पुन्हा पाहिलं.

“काय झालं?”

“काही नाही. या खेपेला एकही चूक नाही. सुधारल्या की तुझ्या मॅडम.” कार्ड त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं, घसा खाकरला आणि ते दीपगृहाचे रखवालदार झाले. या रखवालदाराला म्हणे पलंगावर झोप लागत नसे. वर्षभर तो खुर्चीतच झोपत होता.

“का बरं?” मुलीने विचारलं.

“पलंग फार मोठा आहे हो.”

ती तोंड उघडणार होती, पण जीभ चावून गप्प बसली.

तिसऱ्या रविवारी वडील सर्कशीतले विदूषक झाले. विदूषक कोड्यातले आडवे शब्द तेवढे भरी. उभे शब्द भरणारं माणूस वेगळं होतं. चौथ्या रविवारी ते वाघ सांभाळणारे झाले. त्यांना वाघाची भीती वाटत नसे, एका कपाटाची वाटे.

“सर्कस काही सुटत नाही बाबा.”

“मला काय विचारतेस? लिहिणाऱ्याला विचार,” ते म्हणाले. “अक्षर मात्र सुरेख आहे हं मॅडमचं.”

“हो ना,” मुलगी म्हणाली.

पाचव्या रविवारी त्यांनी कार्ड नुसतं एकदा पाहिलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

“मी जहाजाचा कप्तान,” ते म्हणाले. “नकाशे तपासायचं माझं काम.”

“बरं.”

“त्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं, थांब जरा, एवढा नकाशा संपवतो आणि येतो. वीस मिनिटं लागली.”

मुलीचा हात रुमालाकडे गेला आणि तसाच मागे आला. भिंतीवरचं घड्याळ वाजत राहिलं. शेजारी कुणीतरी बादली भरत होतं. ती भरली, नळ बंद झाला, तरी दोघं तशीच बसून होती.

“संपला तो नकाशा,” कप्तान शेवटी म्हणाला. “एकही चूक नव्हती त्यात.”

मग त्याचे खांदे हलू लागले. मुलगी काही बोलली नाही. तिने सल्ला दिला नाही, पत्ता दिला नाही. ती फक्त तिथून उठली नाही.

बऱ्याच वेळाने वडिलांनी चष्मा पुसला. “कसं वाटलं सोंग?”

“छान जमलं, बाबा.”

“लिहिलंयच तसं.”

“हो. मॅडम छान लिहितात.”

फेरपरीक्षेत तिच्यापुढे एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्या साडेचार मिनिटं गप्प होत्या. मुलगीही गप्प होती. मग बाई बोलू लागल्या आणि वेळ संपल्याची घंटा झाली तरी थांबल्या नाहीत. मॅडमनी नवा शेरा एका शब्दात लिहिला : ‘जमलं.’

पुढच्या रविवारी सकाळी मुलगी उठली, तेव्हा बाहेरची खुर्ची रिकामी होती. वडील आत पलंगावर चक्क घोरत होते. टेबलावरच्या कोड्यात उभे शब्दही भरलेले होते, दोन खोडून पुन्हा लिहिलेले. आई असती तर एकही खोडावा लागला नसता. तिने कोडं होतं तसंच ठेवलं आणि चहा टाकला.

“पास झालीस,” चहा पिताना वडील म्हणाले. “म्हणजे आता रविवारी मला सुट्टी.”

“कुठली सुट्टी? मॅडमना खालच्या वर्गासाठी आणखी पेशंट तपासून हवेत. तुझंच नाव सुचवलंय मी.”

“असं होय? मग नाही म्हणून कसं चालेल.” त्यांनी हात पुढे केला.

मुलीने स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या नव्या गठ्ठ्यावरचं वेष्टण फाडलं आणि वरचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. वडिलांनी चष्मा लावून ते सावकाश पाहिलं, उलटवून पाहिलं. दुसऱ्या रविवारपासूनच्या सगळ्या कार्डांसारखंच तेही दोन्ही बाजूंनी कोरं होतं.